लाल कोट, दोन ऑस्कर आणि एक फोटो

वय वर्षं ८१. अंगात लालभडक कोट. हात प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेले, बाजूला पोलिस. आणि बाई कॅमेऱ्याकडे बघून मोठ्यांदा 'थँक्यू' म्हणतायत!

तारीख २५ ऑक्टोबर २०१९, वार शुक्रवार, ठिकाण वॉशिंग्टन. ब्रिटिश फिल्म अकादमीने लॉस एंजेलिसच्या सोहळ्यात तिला एक मानाचा पुरस्कार जाहीर केला होता. पण बाईंना वेळ नव्हता. त्या दिवशी त्यांना अटक करून घ्यायची होती. मग काय, अटक होता होताच आभाराचं भाषण उरकलं आणि तो व्हिडिओ सोहळ्यात दाखवला गेला. याला म्हणतात मल्टिटास्किंग!

जेन फोंडा. नाव तुम्ही ऐकलेलं असतंच, पण कशासाठी ऐकलंय ते तुमच्या वयावर ठरतं. तुम्ही पंचविशीत असाल तर ती 'ग्रेस अँड फ्रँकी'मधली टापटीप, खवट ग्रेस. पन्नाशी ओलांडली असेल तर ती व्हिडिओ कॅसेटवरची, पायात लेग वॉर्मर्स घालून एरोबिक्स शिकवणारी बाई. आणि अमेरिकेतल्या सत्तरी पार केलेल्या एखाद्या माजी सैनिकाला विचाराल तर तो दात-ओठ खाऊन म्हणेल, 'हनोई जेन!'

तिन्ही बायका एकच. मला गंमत वाटते ती याचीच.

खरं सांगायचं तर तिचा फॅशन सेन्स, तिचा फिटनेस, तिची तीन लग्नं यावर पानंच्या पानं भरता येतील. पण मी तिच्याकडे वळलो तो वेगळ्याच कारणाने. मी आणि माझे मित्र शनिवारी रात्री जमलो की एक विषय हटकून निघतो. ऑफिसात काहीतरी चुकीचं चाललंय, शहरात काहीतरी चुकीचं चाललंय, आपल्याला ते दिसतंय. बोलायचं का? ठरलेलं उत्तर असं, की 'आधी सेटल होऊ दे यार, मग बघू.' होम लोन, प्रमोशन, पोरांची अ‍ॅडमिशन. ते 'मग' काही येत नाही. करिअर आणि मतं, दोन्ही एकाच माणसाला परवडतात का? जेन फोंडाने या प्रश्नावर पन्नासहून जास्त वर्षं प्रयोग केलेत, स्वतःवरच. त्यातले काही जबरदस्त यशस्वी झाले, एक भयानक फसला. दोन्ही बघण्यासारखे आहेत.

बड्या बापाची बेटी

जन्म २१ डिसेंबर १९३७, न्यूयॉर्क. वडील हेन्री फोंडा. म्हणजे 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'मधला तो एकटाच 'निर्दोष' म्हणणारा ज्यूरर! आपल्याकडे बासू चटर्जींनी त्यावरून 'एक रुका हुआ फैसला' केला, तोच. पडद्यावर सज्जन आणि न्यायी, घरी मात्र गप्प, गार, रागीट. लेकीशी दोन शब्द मोकळेपणाने बोलणं त्यांना कधी जमलं नाही.

जेन बारा वर्षांची असताना, १९५० मध्ये, आईने आत्महत्या केली. मुलीला सांगितलं गेलं की हार्ट अटॅक आला. खरं काय ते तिला कळलं शाळेत, एका फिल्मी मासिकात छापून आलेलं वाचून. विचार करा, स्वतःच्या आईबद्दलची बातमी गॉसिपच्या पानावर! पुढे अनेक वर्षं तिला बुलिमियाने छळलं. भरपूर खायचं, मग उलटी करून काढायचं. वरून सगळं चकचकीत, आतून पोखरलेलं. दिसणं परफेक्ट असलं तरच आपण कुणाला तरी हवे असतो, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. (हे वाक्य वाचताना तुम्हाला कुणाची आठवण झाली असेल तर त्या मैत्रिणीला आज एक फोन करा.)

कॉलेज अर्धवट, पॅरिसमध्ये थोडं चित्रकलेचं शिक्षण, मॉडेलिंग. आणि १९५८ मध्ये ली स्ट्रासबर्गच्या अभिनयाच्या वर्गात प्रवेश. तुझ्यात टॅलेंट आहे, असं स्ट्रासबर्गने सांगितलं आणि गाडी सुरू झाली. पहिला सिनेमा 'टॉल स्टोरी', साल १९६०. मग 'कॅट बलू', रॉबर्ट रेडफर्डबरोबरचा गोडगोड 'बेअरफूट इन द पार्क'. १९६५ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक रॉजे वादीमशी लग्न आणि १९६८ मध्ये त्याचाच 'बार्बरेला', ज्यात ती अंतराळातली सेक्स सिम्बॉल. पोस्टर्स घराघरांत. इथेच थांबली असती तरी आयुष्य आरामात गेलं असतं.

मुंबईची गर्दी, बेव्हर्ली हिल्सची शांतता

पण साल होतं १९६८. पॅरिसच्या रस्त्यांवर विद्यार्थी उतरले होते. व्हिएतनाममध्ये अमेरिका बॉम्ब टाकत होती. पॅरिसमध्ये जेनला युद्ध सोडून आलेले अमेरिकन सैनिक भेटले आणि त्यांनी तिला तिच्याच देशाबद्दलच्या अशा गोष्टी सांगितल्या की आधी तिचा विश्वासच बसेना.

त्यानंतर १९६९ मध्ये ती भारतात आली. हो, आपल्याकडे! इथली गरिबी बघून ती हादरली. इथे भटकणारी अमेरिकन हिप्पी पोरं त्या गरिबीला अध्यात्माचा मुलामा देत होती, ते तिला आणखीनच खटकलं. परत गेल्यावर बेव्हर्ली हिल्सचे रिकामे, स्वच्छ, चिडीचूप रस्ते आणि कापलेली हिरवळ बघताना तिच्या कानात अजून मुंबईची गर्दी होती, असं तिने नंतर सांगितलंय. इतक्या मोठमोठ्या घरांत एवढे कमी लोक कसे, हा साधा प्रश्न तिला पडला. आपल्याला मलबार हिलवरून खाली उतरताना रोज पडायला हवा असा.

त्याच वर्षी 'दे शूट हॉर्सेस, डोन्ट दे?' आला आणि ही बाई नुसती सुंदर नाही, भन्नाट अ‍ॅक्ट्रेस आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं. नेमकं तेव्हाच, करिअरचं विमान टेक-ऑफ घेत असताना, तिने रस्त्यावर उडी मारली. मूळ अमेरिकन इंडियन लोकांची आंदोलनं, कृष्णवर्णीयांच्या हक्कांची चळवळ, युद्धविरोधी मोर्चे. कुणी म्हटलं नाही की 'आधी सेटल हो.' म्हटलं असेलही, तिने ऐकलं नाही.

नोव्हेंबर १९७० मध्ये क्लीव्हलँडच्या विमानतळावर तिला अटक झाली. बॅगेत गोळ्या सापडल्या, ड्रग्जचा संशय. निघाल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या! आरोप गळून पडले, मागे उरला पोलिसांनी काढलेला फोटो. आखूड केस, वर केलेली मूठ, डोळ्यांत 'काय करायचं ते करा' असा भाव. तो आज टी-शर्टवर मिळतो.

सरकारलाही ती खुपत होतीच. एफबीआयने पाळत ठेवली, तिच्या बँकेच्या नोंदी मिळवल्या. अध्यक्ष निक्सनच्या ऑफिसातल्या गाजलेल्या टेप्समध्येसुद्धा तिच्याबद्दलची चिडचिड ऐकू येते. बिचारे हेन्री फोंडा, अशी हळहळ व्यक्त करत!

आणि या सगळ्या गदारोळात तिने केला 'क्लूट'. न्यूयॉर्कमधली एक कॉलगर्ल, हुशार, घाबरलेली, एकटी. एप्रिल १९७२ मध्ये त्या रोलसाठी पहिलं ऑस्कर. सगळे धास्तावलेले, की आता ही स्टेजवर युद्धावर भाषण ठोकणार. वडिलांच्या सल्ल्याने ती एवढंच म्हणाली की बोलण्यासारखं खूप आहे, पण आज नाही. टाळ्या घेऊन खाली उतरली. तीनच महिन्यांनी ती हनोईत होती.

तो फोटो

आता आपण येतो त्या फसलेल्या प्रयोगाकडे. हा भाग गाळून तिच्यावर कौतुकाचा लेख लिहिणारे बरेच आहेत. मला तो गाळता येणार नाही, कारण तिने स्वतःही तो गाळलेला नाही.

जुलै १९७२. जेन उत्तर व्हिएतनामला गेली, दोन आठवड्यांसाठी. तिथल्या लाल नदीच्या बांधांवर अमेरिकन बॉम्ब पडतायत, बांध फुटले तर पुराने आणि उपासमारीने माणसं मरतील, असं सांगितलं जात होतं. अमेरिकन सरकार ते नाकारत होतं. जेनला ते स्वतः बघून जगाला दाखवायचं होतं. उद्देश हा. तिने हनोई रेडिओवरून अमेरिकन वैमानिकांना उद्देशून भाषणंही केली.

शेवटच्या दिवशी तिला विमानविरोधी तोफेजवळ नेलं गेलं. सैनिकांनी गाणं म्हटलं, तिनेही गाऊन उत्तर दिलं, हशा, टाळ्या, आणि त्या भरात ती तोफेच्या सीटवर बसली. कॅमेरे क्लिक झाले. उठून चार पावलं चालल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण हे काय करून बसलो! ती तोफ अमेरिकन विमानं पाडण्यासाठी होती. तिच्याच देशातली वीस-बावीस वर्षांची पोरं त्या विमानांत होती.

बस्स. दोन मिनिटांची गोष्ट, आणि आयुष्यभराचा शिक्का. देशद्रोहाचा खटला भरा, अशी मागणी झाली. खटला भरला गेला नाही, पण लोकांनी निकाल देऊन टाकला होता. या युद्धात अमेरिकेचे ५८ हजारांहून जास्त सैनिक गेले. त्यांच्या आईबापांना, मित्रांना तो हसरा चेहरा बघून काय वाटलं असेल?

त्यात १९७३ मध्ये तिने आगीत तेल ओतलं. सुटून आलेल्या युद्धकैद्यांनी छळाच्या कहाण्या सांगितल्या, तेव्हा तिने त्यांना ढोंगी आणि खोटारडे म्हटलं. छळ झाला होता, हे पुढे नीट नोंदवलं गेलं. स्वतःच्या बाजूवर इतकं प्रेम करायचं की समोरच्याची जखम दिसेनाशी व्हावी, हा रोग तेव्हाही होता. आज तर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे.

दुसरीकडे, न केलेली पापंही तिच्या खात्यावर जमा झाली. इंटरनेट आल्यावर एक मेल फॉरवर्ड होत जगभर फिरला, की युद्धकैद्यांनी तिच्या हातात चोरून चिठ्ठ्या दिल्या आणि तिने त्या शत्रूला दिल्या, त्यातून काहीजण मारले गेले. ही गोष्ट साफ खोटी आहे, ज्यांच्या नावाने ती खपवली गेली त्यांनीच ती नाकारलीय. तरी मेल फिरतोच आहे. (फॉरवर्ड करण्याआधी दोन मिनिटं थांबा, हे आपल्या फॅमिली ग्रुपवरच्या काकांना कोण सांगणार?)

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. हनोईच्या आधीच्या वर्षी, १९७१ मध्ये, ती डोनाल्ड सदरलँडबरोबर एक स्टेज शो घेऊन अमेरिकन लष्करी तळांच्या आसपास फिरत होती. प्रेक्षक कोण? सैनिकच. युद्धाला कंटाळलेले, हजारोंच्या संख्येने येणारे. ती सैनिकांच्या विरोधात नव्हती. पण एक फोटो हजार शब्दांवर भारी पडतो म्हणतात, तो इथे हजार भाषणांवर भारी पडला.

१९८८ मध्ये बार्बरा वॉल्टर्सच्या टीव्ही कार्यक्रमात तिने माजी सैनिकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी कनेक्टिकट राज्यात वॉटरबरी भागात शूटिंगला विरोध झाला, तर ती विरोध करणाऱ्या माजी सैनिकांनाच जाऊन भेटली. एका चर्चच्या हॉलमध्ये, काही तास, समोरासमोर. पीआरवाल्याने लिहून दिलेलं निवेदन वाचून दाखवणं सोपं होतं. तिने शिव्या ऐकून घेणं पसंत केलं. आणि नीट बघा, माफी तिने तोफेवर बसण्याची मागितली, युद्धाला विरोध केल्याची नाही. हा फरक तिने कधी पुसू दिला नाही.

पिक्चरही आपला, मुद्दाही आपला

हनोईनंतर काही वर्षं मोठ्या बॅनरचं काम आटलं. आपल्यापैकी कुणी असतं तर लिंक्डइनवर 'नव्या संधींच्या शोधात' लिहिलं असतं. जेनने स्वतःची निर्मिती संस्था काढली, सहकारी ब्रूस गिल्बर्टला घेऊन. आणि इथे तिला तिची खरी ट्रिक सापडली.

ट्रिक अशी, की नोकरी एकीकडे आणि तत्त्वं दुसरीकडे ठेवायचीच नाहीत. जे म्हणायचंय त्याचाच पिक्चर काढायचा. आणि तो असा काढायचा की लोकांनी तिकीट काढून बघावा.

१९७८, 'कमिंग होम'. व्हिएतनामहून व्हीलचेअरवर परतलेला सैनिक आणि एका लष्करी अधिकाऱ्याची बायको यांची प्रेमकथा. ज्या सैनिकांशी आपलं नातं तुटलं, त्यांच्याच दुःखावर तिने सिनेमा केला! दुसरं ऑस्कर. पुरस्कार घेताना भाषणाचा काही भाग तिने खुणांच्या भाषेत केला, कर्णबधिर प्रेक्षकांसाठी.

मार्च १९७९, 'द चायना सिंड्रोम'. अणुऊर्जा केंद्रात अपघात होता होता वाचतो आणि कंपनी ते दडपते, अशी कथा. सिनेमा रिलीज झाला १६ मार्चला. अणुउद्योगातले लोक म्हणाले, असलं काही होत नसतं. २८ मार्चला पेनसिल्व्हानियात थ्री माइल आयलंडच्या अणुकेंद्रात खराखुरा अपघात झाला. अवघ्या बारा दिवसांनी! असं प्रमोशन कुठला मार्केटिंग हेड प्लॅन करू शकेल?

बॉसला धडा शिकवायचाय?

आणि मग माझा सगळ्यात फेव्हरिट, 'नाइन टू फाइव्ह', १९८०. ज्याने आयुष्यात एकदा तरी अप्रेझल मीटिंगमध्ये दात आवळलेत त्याने हा पिक्चर बघायलाच हवा.

याची मुळं खऱ्या ऑफिसांत आहेत. १९७३ मध्ये बॉस्टनमधल्या ऑफिसांत काम करणाऱ्या बायकांनी एक संघटना बांधली होती, नाव 'नाइन टू फाइव्ह'. तिच्या संस्थापकांपैकी कॅरन नसबॉम ही जेनची युद्धविरोधी चळवळीतली मैत्रीण. तिच्याकडून जेनने टायपिस्ट, क्लार्क, सेक्रेटरी बायकांचे किस्से ऐकले. पगार कमी, साहेबाची कॉफी आणायची, अंगचटीला येणं सहन करायचं. वर ज्या पोराला आपण काम शिकवलं तोच वर्षाने आपला बॉस!

आधी जेनला गंभीर सिनेमा करायचा होता. मग वाटलं, भाषण होईल. कॉमेडीच करू. लिली टॉमलिनला घेतलं, सिनेमात कधीही काम न केलेल्या कंट्री सिंगर डॉली पार्टनला घेतलं. दिग्दर्शक कॉलिन हिगिन्सला घेऊन ती क्लीव्हलँडच्या सेक्रेटरींना भेटली. हिगिन्सने विचारलं, बॉसला संपवायची स्वप्नं कधी पडतात का? बायका खुलल्या! सिनेमातले बॉसला छळण्याचे ते धमाल स्वप्न-सीन तिथून आले.

पण नुसती धमाल नाही हं. साहेबाला घरात कोंडून या तिघी ऑफिस चालवायला घेतात तेव्हा काय करतात? कामाच्या वेळा लवचिक करतात. पाळणाघर उघडतात. एक नोकरी दोघींना वाटून करू देतात. समान कामाला समान पगार आणतात. साल १९८० बरं का! यातल्या किती गोष्टी तुमच्या ऑफिसात आहेत? पाळणाघर आहे? मोजा.

सिनेमाने अमेरिकेत १० कोटी डॉलरहून जास्त कमावले आणि त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या हिट्समध्ये गेला. आपल्याकडे २०१० मध्ये त्यावरून 'हेलो डार्लिंग' आला, तो फारसा कुणाला आठवत नाही. पण मूळ पिक्चरमुळे ज्या गोष्टी बायका लेडीज रूममध्ये कुजबुजत होत्या, त्या कॉन्फरन्स रूममध्ये आल्या.

व्यायामाचा पैसा कुठे गेला?

'द चायना सिंड्रोम'च्या वेळी जेनच्या पायाचं हाड मोडलं. बॅले बंद. पर्याय म्हणून ती संगीतावरच्या व्यायामाच्या क्लासला गेली आणि तिथे बिझनेस आयडिया सापडली. १९७९ मध्ये बेव्हर्ली हिल्समध्ये स्टुडिओ, १९८१ मध्ये पुस्तक, एप्रिल १९८२ मध्ये व्हिडिओ कॅसेट. किंमत जवळजवळ ६० डॉलर, तेव्हाच्या मानाने महागच. घरात व्हीसीआर असणारे लोकही मोजके. पण बायकांना जिमच्या पुरुषी वातावरणात जायचं नव्हतं, घरी पडदा लावून घाम गाळायचा होता. मालिकेच्या मिळून १ कोटी ७० लाख कॅसेट्स खपल्या. आज यूट्यूबवर योगा मॅट अंथरणारी प्रत्येक फिटनेस इन्फ्लुएन्सर जेनची पणती लागते!

हे सगळ्यांना माहीत असतं. पैसा कुठे गेला ते कमी जणांना माहीत असतं. तिचा दुसरा नवरा टॉम हेडन, युद्धविरोधी चळवळीतला नेता. दोघांनी कॅलिफोर्नियात एक संघटना चालवली होती. भाडेकरूंचे हक्क, सौरऊर्जा, विषारी रसायनांविरुद्धचे कायदे, स्थानिक निवडणुका. अशा संघटनेला पैसा लागतो आणि देणग्यांवर भागत नाही. म्हणून वर्कआउटचा धंदा. कॅसेटचा नफा चळवळीत! अमेरिकेतल्या कट्टर रिपब्लिकन घरातली गृहिणी दिवाणखान्यात पाय उचलत होती आणि तिचे डॉलर डाव्या संघटनेला जात होते. मला विचाराल तर जेन फोंडाचा हा सर्वांत खोडकर रोल.

साच्यातली बाई

आता वाटेल, काय खंबीर बाई आहे! पण २००५ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात तिने जे लिहिलंय ते वाचून मी चाट पडलो. अख्ख्या देशाशी भांडणारी ही बाई घरात मात्र नवऱ्याला काय आवडेल त्या साच्यात स्वतःला ओतत होती. वादीमची सेक्स सिम्बॉल, हेडनची साधी कार्यकर्ती. १९९० मध्ये हेडनशी घटस्फोट आणि १९९१ मध्ये सीएनएनचा मालक टेड टर्नरशी लग्न. मग अब्जाधीशाची बायको. त्याच्यासाठी तिने सिनेमाही सोडला. २००१ मध्ये तेही लग्न संपलं. पुढे तीच बाई सांगते, की आपण साठीत पोचल्यावर स्वतःच्या पायावर उभे राहिलो.

वडिलांचा हिशेब मात्र तिने वेळेत मिटवला. 'ऑन गोल्डन पॉन्ड' या नाटकाचे हक्क तिने वडिलांसाठीच घेतले. बाप-लेकीतला अबोला, हाच विषय. एका सीनमध्ये तिने तालमीत नसलेली गोष्ट केली, त्यांच्या हाताला हात लावला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. मार्च १९८२ मध्ये हेन्री फोंडांना त्या रोलचं ऑस्कर मिळालं. ते आजारी होते, लेकीने जाऊन घेतलं. ऑगस्टमध्ये ते गेले.

पुन्हा रस्त्यावर

पंधरा वर्षांच्या गॅपनंतर २००५ मध्ये 'मॉन्स्टर-इन-लॉ'मधून ती परतली. २०१५ मध्ये लिली टॉमलिनबरोबर 'ग्रेस अँड फ्रँकी', सात सीझन, २०२२ पर्यंत. सत्तरीतल्या दोन बायकांच्या मैत्रीवरची सिरीज इतकी चालेल, असं कुणाला वाटलं होतं?

मालिका जोरात असतानाच तिला हवामान बदलाने अस्वस्थ केलं. ग्रेटा थुनबर्ग नावाची शाळकरी मुलगी शाळा बुडवून संसदेसमोर बसते आणि आपण काय करतोय? २०१९ मध्ये ती वॉशिंग्टनला राहायला गेली आणि दर शुक्रवारी आंदोलन सुरू केलं. लाल कोट सेलमध्ये घेतलेला. आपण विकत घेतलेला हा शेवटचा कपडा, असं तिने जाहीर केलं. पाच वेळा अटक, त्यातली एक रात्र कोठडीत. आपण गोऱ्या आणि प्रसिद्ध असल्यामुळे पोलिस आपल्याशी वेगळं वागतात, हेही तिनेच सांगितलं. २०२० च्या ऑस्कर सोहळ्यात 'पॅरासाइट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक द्यायला ती आली ती जुनाच ड्रेस घालून, तोच लाल कोट खांद्यावर टाकून.

१९७२ मध्ये ती एकटी निघाली होती, सोबत सावध करणारं कुणी नव्हतं. २०१९ मध्ये तिच्यासोबत ग्रीनपीससारखी संघटना होती, शास्त्रज्ञ होते, स्थानिक कार्यकर्ते होते, आणि ती आधी त्यांचं ऐकत होती. मला वाटतं, त्या फोटोने तिला शिकवलं ते हेच.

सप्टेंबर २०२२ मध्ये तिने कॅन्सर झाल्याचं सांगितलं. आपल्याकडे विमा आहे, चांगले डॉक्टर आहेत, पण ते सगळ्यांकडे नसतात हे वाईट आहे, असंही त्याच दमात. डिसेंबरपर्यंत कॅन्सर आटोक्यात आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकन अभिनेत्यांच्या युनियनने जीवनगौरव दिला, तर बाई युनियनबद्दल आणि दुसऱ्याचं दुःख समजून घेण्याबद्दल बोलल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने कलाकारांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठीची एक जुनी समिती पुन्हा उभी केली. १९४७ मध्ये ती समिती निघाली तेव्हा तिच्यात हेन्री फोंडा होते!

मग, परवडतं का?

तुम्ही म्हणाल, तिचं ठीक आहे. बाप स्टार, रंग गोरा, बँक बॅलन्स तगडा. बरोबर आहे. आपल्याला ईएमआय आहे. कुणी उठून उद्या राजीनामा द्यावा असं मी म्हणत नाहीये आणि तीही म्हणत नाही.

पण 'नाइन टू फाइव्ह'मागच्या बॉस्टनच्या बायकांकडे स्टार बाप नव्हता. त्या टायपिस्ट होत्या. जेवणाच्या सुट्टीत भेटत होत्या, पत्रकं वाटत होत्या, नोकरी टिकवून. सुरुवात त्यांनी केली, जेनने त्यांना पडदा मिळवून दिला. तेव्हा परवडतं का याचं माझं उत्तर असं, की एकट्याला महाग पडतं, चौघांत वाटून घेतलं तर जमतं. आणि किंमत शून्य कधीच नसते, हेही तिच्याकडूनच शिकायचं.

या वीकेंडला तीन पिक्चर बघा. आधी 'क्लूट', अ‍ॅक्टिंगसाठी. मग 'ऑन गोल्डन पॉन्ड', बाबांच्या शेजारी बसून. आणि रविवारी रात्री, सोमवारचा अलार्म लावायच्या आधी, 'नाइन टू फाइव्ह'. ऑफिसातल्या दोघी-तिघांना बोलवा. पॉपकॉर्न संपल्यावर पाळणाघराचा विषय आपोआप निघेल.